बाबांच्या डोळ्यात लिम्फोमा निघालाय, एवढ्या सगळ्या टेस्ट खरंच लागतात का?

प्रश्न: नमस्कार मॅडम. माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत, आम्ही ऐरोलीला राहतो. बाबा रबाळे एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये तीसेक वर्षं फिटर होते, आता रिटायर झालेत. शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मागच्या दिवाळीपासून डाव्या डोळ्यात खालच्या पापणीच्या आत गुलाबी मांस वाढल्यासारखं दिसत होतं, दुखत नव्हतं म्हणून ॲलर्जी समजून ड्रॉप टाकत राहिलो. शेवटी ठाण्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला तर माल्ट लिम्फोमा आलं. आता डोळ्यांचा एमआरआय, पेट सीटी, बोन मॅरो आणि रक्ताच्या ढीगभर टेस्ट सांगितल्यात. दादा म्हणतो एवढ्याशा गोष्टीला एवढं कशाला, एक पेट करून टाकू, त्यात सगळं दिसतं, बाकी सगळे पैसे काढायचे धंदे. उलट आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना डोळ्याचाच लिम्फोमा होता, त्यांचा मेंदूचा एमआरआय केला होता आणि पाठीतून पाणीसुद्धा काढलं होतं, बाबांना ते सांगितलंच नाही, मग डॉक्टर काही विसरले का? बोन मॅरोचं नाव काढलं की बाबा जेवत नाहीत. कुठली करायची, कुठली सोडायची, आणि या सगळ्यात महिना गेला तर पसरेल का?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तुमचा जीव तिथेच अडकून राहील. लिम्फोमा म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि त्यातला माल्ट हा प्रकार हळू वाढणारा असतो, महिनोन्‌महिने एकाच जागी बसून राहतो, तुम्हीच बघा ना, दिवाळीपासून डोळ्यात आहे आणि बाबांना त्याचा त्रास असा काहीच नाही. तपासण्या नीट करण्यात तीन-चार आठवडे गेले तर सहसा काही बिघडत नाही. उलट घाईघाईत अर्धवट तपासून रेडिएशन सुरू केलं तर सुरुवातीला हे नेमकं कुठे कुठे होतं ते नंतर कुणालाच सांगता येत नाही. पण या काळात नजर कमी झाली, एकाचे दोन दिसायला लागले, डोळा पुढे आल्यासारखा वाटला, दुखायला लागलं किंवा ते मांस भराभर वाढतंय असं दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसायचं नाही, सरळ जायचं. विनाकारण ताप, रात्री गंजी बदलावी लागेल एवढा घाम, खाणं नीट असून उतरलेलं वजन, यातलं काही असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, कारण त्यावरून तपासण्यांची घाई ठरते.

आता काकूंचं. त्यांचा आणि बाबांचा आजार एकाच नावाने ओळखला जात असला तरी दोन्ही वेगळे आहेत, आणि सोसायटीत तुलना सुरू झाली की इथेच गोंधळ होतो. तुमच्या वर्णनावरून काकूंचा लिम्फोमा डोळ्याच्या आत, म्हणजे पडद्यावर आणि आतल्या जेलमध्ये असणार. तो बाहेरून दिसत नाही, धूसर दिसतं, डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगतात, आणि दिसायला अगदी आतल्या सुजेसारखा असतो म्हणून कित्येकदा युव्हायटिस समजून महिनोन्‌महिने स्टेरॉइड दिलं जातं, थोडं बरं वाटतं, परत येतं. हा प्रकार बहुतेक वेळा मोठ्या पेशींचा, आक्रमक असतो आणि त्याचं मेंदूशी जवळचं नातं असतं, बऱ्याच पेशंटमध्ये आधी किंवा नंतर मेंदूतही सापडतो. म्हणून तिथे कॉन्ट्रास्ट देऊन मेंदूचा एमआरआय आणि पाठीतून पाणी काढून त्यात पेशी बघणं हे आलंच, शिवाय डोळ्यातल्या जेलचा नमुना घेऊन त्यात इंटरल्युकिन १० हे इंटरल्युकिन ६ पेक्षा जास्त आहे का, एमवायडी ८८ नावाच्या जीनमध्ये बदल आहे का, हेही बघतात. बाबांचं तसं नाही. त्यांचं डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आतून जे पातळ आवरण असतं त्याच्यात आहे, आणि या ठिकाणचा माल्ट मेंदूकडे जायच्या भानगडीत सहसा पडत नाही. तर डॉक्टर काही विसरले नाहीयेत, बाबांना डोकेदुखी, फिट, हातपाय लुळे पडणं असलं काही नसताना पाठीत सुई घालायची काही गरज नाही.

एक गोष्ट मात्र विचारून घ्या, आणि ती यादीतल्या सगळ्यांपेक्षा स्वस्त आहे. दोन्ही डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा तपासलाय का? रावसाच्या तुकडीचा रंग असतो ना तसलं हे गुलाबीसर मांस, आम्ही त्याला सॅमन पॅच म्हणतो, ते बहुतेक वेळा वरचंवरच असतं, पण कधी कधी पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात लिम्फोमा असतो आणि तोच बाहेर येऊन पापणीखाली दिसतो. बाहुली मोठी करून बघितलं, सोबत डोळ्याची सोनोग्राफी म्हणजे बी-स्कॅन आणि गरज वाटली तर ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन केलं की हे कळतं, दहा-पंधरा मिनिटांचं काम. वरची पापणी उलटी करून आतला खोबणीसारखा भाग बघणं पण यात आलं, आणि उजव्या डोळ्यातही बघायचं, कारण काही जणांमध्ये हा दोन्हीकडे असतो आणि पेशंटला पत्ता नसतो. त्याच वेळी फोटो काढून ठेवायला सांगा. पुढे उपचारानंतर किती कमी झालं ते स्कॅनपेक्षा या फोटोवरून जास्त कळतं.

मग बायोप्सीचा रिपोर्ट. तो परत काढून बघा, नुसतं माल्ट लिम्फोमा लिहून संपवलंय की खाली इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा, म्हणजे पेशींवरच्या खुणा तपासून नेमका प्रकार ठरवणारा तक्ता आहे? सीडी २०, सीडी ५, सीडी १०, सायक्लिन डी १, केआय ६७ अशी नावं दिसली पाहिजेत. हे मी उगाच खोदून विचारत नाहीये, पुढची अख्खी यादी या तक्त्यावर उभी आहे. डोळ्याभोवती माल्ट सगळ्यात जास्त सापडतो हे खरं, पण फॉलिक्युलर, मोठ्या पेशींचा आणि मँटल सेल हे लिम्फोमाचे दुसरे प्रकारही तिथे होतात. मँटल सेल, ज्याच्यात सायक्लिन डी १ पॉझिटिव्ह येतो, तो बहुधा वयस्कर पुरुषांत आणि बहुतेक वेळा आधीच अंगभर पसरलेला असतो, तिथे एकही तपासणी सोडायची चर्चा नको. तक्ता अर्धवट असेल तर बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या, तो पेशंटचा हक्क आहे, आणि लिम्फोमा रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून परत वाचून घ्या. मला विचाराल तर पेटच्या आधी हे करा. नाव चुकलं असेल तर पुढचे सगळे पैसे चुकीच्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जातात.

आता दादाच्या मुद्द्याकडे येते, तो तसा मूर्ख मुद्दा नाहीये, बऱ्याच शिकलेल्या घरांत हेच बोलतात, पेटमध्ये सगळं दिसतं. तर पेटमध्ये काय दिसतं ते आधी समजून घ्या. पेटमध्ये किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात, ज्या पेशी साखर जास्त खातात त्या चमकतात. आक्रमक लिम्फोमा अधाशासारखा खातो म्हणून लख्ख दिसतो. माल्ट मुळातच संथ, तो कधी चमकतो, कधी जेमतेम, कधी अजिबात नाही. त्यात डोळ्याची जागा पेटसाठी एकदम वाईट, मागे मेंदू दिवसरात्र साखर खातो म्हणून अख्खा पेटलेला असतो, डोळे हलवणारे स्नायू पण चमकतात, आणि बाबांच्या डोळ्यातलं मांस पातळ पापुद्र्याएवढं, त्यातलं काही बायोप्सीत निघून गेलेलं. म्हणजे पेटच्या रिपोर्टमध्ये डोळ्यापाशी काही दिसत नाही असं आलं तरी डोळा साफ आहे असा त्याचा अर्थ होत नाही, आणि डोळ्यापाशी थोडं चमकतंय असं आलं तर तो स्नायूही असू शकतो किंवा बायोप्सीच्या जखमेची सूज. डोळ्यासाठी पेट करायचाच नसतो. पेट करायचा तो डोळा सोडून बाकी शरीरासाठी, मानेत, छातीत, पोटात, लाळेच्या ग्रंथीत कुठे गाठी आहेत का, आणि एखादी जागा फारच जोरात चमकत असेल तर तिथे माल्टचं रूपांतर आक्रमक प्रकारात झालंय का, तसं असेल तर त्या जागेची वेगळी बायोप्सी घ्यायची.

आणि डोळ्यासाठी एमआरआय. तोही फक्त एमआरआय ब्रेन लिहिलेला नको, चिठ्ठीवर एमआरआय ऑर्बिट, कॉन्ट्रास्टसह, फॅट सप्रेशन असं स्पष्ट हवं, कारण डोळ्याच्या मागे सगळी चरबी असते, ती चित्रात पांढरी दिसते आणि तिच्यात गाठ लपते. चरबीचा पांढरेपणा दाबला की मग अश्रूग्रंथी, स्नायू, नस, त्यांच्याभोवतीचं काही असेल ते उठून दिसतं. बाबांसाठी यातून एकच गोष्ट कळायला हवी, वर दिसतंय तेवढंच आहे की डोळ्याच्या खोबणीत मागेपर्यंत गेलंय. यावरून रेडिएशनचं क्षेत्र ठरतं. वरचंवर असेल तर डोळ्याच्या पुढच्या भागालाच किरणं देऊन बऱ्याचदा भिंगावर आडोसा ठेवता येतो, मागे गेलेलं असेल तर अख्खी खोबण घ्यावी लागते आणि मग पुढे मोतीबिंदू, डोळा कोरडा पडणं यांची शक्यता वाढते. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं नाहीये, म्हणजे त्यांच्या बाबतीत हा फरक कागदावरचा नाही. एमआरआयमध्ये काहीच दिसलं नाही तर पैसे वाया गेले असं दादाला वाटू देऊ नका, पातळ थर एमआरआयमध्ये बरेचदा दिसत नाहीच, मागे काही नाही हेच उत्तर हवं असतं.

पण तुमच्या पत्रातल्या एका शब्दावर मी थांबले, फिटर. एमआरआयच्या फॉर्मवर अंगात धातू आहे का असा प्रश्न असतो, लोक पेसमेकर नाही, रॉड नाही म्हणून नो वर टिक करून मोकळे होतात. तीस वर्षं ग्राइंडर आणि लेथवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात कधी ना कधी कण गेलेला असतोच, कंपनीच्या दवाखान्यात काढतात, दोन दिवस पट्टी, परत ड्युटी. वरचा कण निघून गेला तर काही नाही. पण जोरात उडालेला बारीक लोखंडी कण डोळ्याच्या आत घुसून वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो आणि माणसाला आठवतही नाही. एमआरआयचं चुंबक तो कण हलवू शकतं. पत्र्याचं काम करणाऱ्या एका पेशंटचा एक डोळा असाच गेल्याची परदेशातली केस १९८६ मध्ये मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेली आहे. तर बाबांना शांतपणे बसवून विचारा, हातोडी-छिन्नी मारताना, घासताना डोळ्यात काही लागलं होतं का, आणि हो म्हणाले किंवा नक्की आठवत नाही म्हणाले तरी एमआरआय सेंटरला बुकिंगच्या वेळीच सांगा. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतील किंवा साधा सीटी करतील, कण नाही हे दिसलं की मग एमआरआय. कण निघाला तर डोळ्याच्या खोबणीचा कॉन्ट्रास्ट सीटी हा पर्याय आहे, माल्ट डोळ्याभोवती लिंपल्यासारखा बसतो ते त्यात पण चांगलं दिसतं, आणि हाड खाल्लं गेलंय का हे तर सीटीतच जास्त नीट कळतं. उजव्या डोळ्यात बसवलेल्या कृत्रिम भिंगाची काळजी नको, ते चालतं. शुगर आहे म्हणून कॉन्ट्रास्टच्या आधी क्रिएटिनिन करून घ्या, आणि मशीनमध्ये डोळे मिटून बुबुळं स्थिर ठेवायची हे बाबांना घरीच समजावून सांगा, बुबुळं फिरली की चित्र हलतं आणि परत काढावं लागतं.

पेटच्या दिवसाचं पण सांगते कारण शुगरवाल्यांचा तिथे घोळ होतो. साधारण सहा तास उपाशी, पाणी चालतं, सकाळचा चहा-बिस्किट नाही, आणि शुगर खूप वाढलेली असेल, बहुतेक सेंटर २०० ची मर्यादा धरतात, तर परत पाठवतात. मेटफॉर्मिनमुळे आतडी चमकतात आणि पोटातलं वाचायला अवघड जातं, म्हणून काही सेंटर ती आधी बंद करायला सांगतात, तुमच्या सेंटरला फोन करून विचारा आणि गोळी बंद करायची तर शुगरच्या डॉक्टरांना विचारूनच. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचं, मोबाईल नाही, गप्पा नाहीत. त्या द्रव्याची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत विषय संपतो, पण तेवढे काही तास घरातलं लहान मूल आणि गरोदर बाई यांना लांब ठेवा. बाबांना पूर्वी टीबी झाला होता का? झाला असेल तर न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना आधीच सांगा. आपल्याकडे छातीतल्या टीबीच्या गाठी पेटमध्ये चमकतात आणि लिम्फोमा पसरला असं वाटून घरात रडारड होते. नुकतीच कुठली लस घेतली असेल तर काखेतल्या गाठीही चमकू शकतात. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला की रात्री बारा वाजता त्यातले एसयूव्हीचे, म्हणजे कुठली जागा किती चमकली त्याचे आकडे गुगलवर टाकत बसू नका, एवढं माझं ऐका.

आणि हो, दादाला एक मुद्दा मी देते. पेटचा खर्च झेपत नसेल तर माल्टसाठी मान, छाती, पोट आणि ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी हा मान्य पर्याय आहे. २०१४ मध्ये लिम्फोमाच्या तपासणीचे लुगानो नियम आले, त्यात पण नीट न चमकणाऱ्या प्रकारांसाठी सीटी धरलेला आहे. पेटच करा म्हणणारे डॉक्टर जास्त आहेत कारण एकाच फेरीत सगळं होतं आणि लहानसहान जागा सीटीपेक्षा जास्त सापडतात, मी स्वतः खर्च जमत असेल तर पेटच सांगेन, पण सीटी केला म्हणजे बाबांना कमी दर्जाचं मिळालं असं अजिबात नाही. हे डॉक्टरांना तोंडावर विचारा, पैशाचं बोलायला लाजू नका, आम्हाला रोजची सवय आहे.

बोन मॅरो, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजाची तपासणी. बाबा ज्याच्यामुळे जेवत नाहीत ती तपासणी खरं तर अर्ध्या तासाच्या आतली आहे, भूल न देता जागा बधिर करून करतात. कुशीवर झोपवतात, कमरेच्या मागच्या हाडावर सुई देतात, बधिर होताना चुरचुरतं, मग आत दाब जाणवतो आणि पातळ भाग ओढताना काही क्षण जोरात कळ येते. ही कळ येणार हे आधी सांगितलेलं बरं, काही होत नाही असं खोटं सांगून नेलं तर माणूस दचकतो आणि पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाही. नंतर थोडा वेळ पाठीवर पडून राहायचं, त्याच दिवशी घरी. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील तर आधी सांगा.

पण करायचीच का? इथे डॉक्टरांमध्येही एकमत नाही, तुम्हाला दोन मतं ऐकायला मिळाली तर घाबरू नका. हॉजकिन नावाच्या लिम्फोमात आणि मोठ्या पेशींच्या लिम्फोमात पेट नीट झालेला असेल तर बोन मॅरो बऱ्याचदा वगळतात कारण तिथलं पेटमध्येच दिसतं. माल्टमध्ये पेटचा तसा भरवसा नाही, मॅरोत थोड्या पेशी असल्या तर त्या चमकणार नाहीत, म्हणून मॅरोचं उत्तर मॅरोतूनच मिळतं. दुसऱ्या बाजूने, फक्त एका डोळ्याच्या वरच्या आवरणात छोटासा माल्ट, रक्ताचे आकडे नॉर्मल, बाकी स्कॅन साफ, अशा पेशंटच्या मॅरोत काही निघण्याची शक्यता कमीच असते. म्हणून माझा सल्ला असा की बोन मॅरो शेवटी ठेवा. आधी रक्त, एमआरआय आणि पेट किंवा सीटी होऊ द्या, ते घेऊन हिमॅटॉलॉजिस्ट म्हणजे रक्ताच्या आजारांचे डॉक्टर किंवा मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर यांच्यासमोर बसा आणि सरळ विचारा, मॅरोत सापडलं तर तुम्ही उपचार बदलाल का. बदलू म्हणाले, म्हणजे फक्त डोळ्याला रेडिएशन न देता रिटुक्सिमॅबसारखं औषध किंवा नुसतं लक्ष ठेवून राहणं याचा विचार करू म्हणाले, तर करून घ्या. तसाही डोळा त्रास देतोय म्हणून डोळ्यालाच रेडिएशन देणार म्हणाले तर ती आत्ता थांबवता येते का हे त्यांच्याशी बोला. हेमोग्लोबिन किंवा प्लेटलेट कमी असतील, स्कॅनमध्ये दुसरीकडे गाठी असतील, किंवा तक्त्यावरून प्रकार वेगळा निघाला तर मात्र चर्चा नको.

रक्ताचं पटकन उरकते. सीबीसी, लिव्हर, किडनी, एलडीएच, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. यातली हिपॅटायटिसची कुणी सोडू नये. रिटुक्सिमॅब दिल्यावर लपलेला हिपॅटायटिस बी उसळून लिव्हर जाऊ शकतं म्हणून एचबीएसएजीसोबत अँटी एचबीसी पण बघायचं असतं, ते लॅबच्या पॅकेजमध्ये बहुधा नसतं, वेगळं लिहून घ्या. आणि हिपॅटायटिस सी निघाला तर त्याचा इलाज केल्यावर संथ लिम्फोमा आपणहून कमी झालेले पेशंट आहेत. पोटाची दुर्बिण सगळ्यांना लागत नाही, माल्टची सगळ्यात आवडती जागा जठर म्हणून तक्रारी असतील, ॲनिमिया असेल किंवा स्कॅनमध्ये जठर जाड दिसलं तर करतात. इंटरनेटवर डॉक्सीसायक्लिनने डोळ्याचा माल्ट बरा होतो असं दादाला सापडेलच. २००४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी एका क्लॅमिडिया जातीच्या जंतूशी संबंध दाखवला होता, पण तो संबंध जगात सगळीकडे सारखा सापडत नाही, तेव्हा मेडिकलमधून स्वतःहून गोळ्या आणू नका.

हे सगळं झालं की फाइलवर स्टेज, म्हणजे आजार कुठवर पसरलाय ते लिहितील. जुनी ॲन आर्बर पद्धत १९७१ ची, ती हॉजकिनसाठी बनवलेली, डोळ्यासाठी ती ढोबळच पडते, म्हणून २०१० पासून डोळ्याभोवतीच्या लिम्फोमासाठी वेगळी टीएनएम पद्धतही आली. फक्त वरच्या आवरणात असेल तर टी १, खोबणीत गेलं तर टी २, पापणीत गेलं तर टी ३, शेजारच्या हाडात, सायनसमध्ये किंवा मेंदूकडे गेलं तर टी ४. काही डॉक्टर दोन्ही लिहितात. समजा कुठेतरी दुसरीकडे थोडं सापडून ॲन आर्बरची स्टेज चार आली तर लगेच हातपाय गाळू नका, माल्टमधली स्टेज चार आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमधली स्टेज चार यांची तुलनाच होत नाही, माल्टवाली माणसं स्टेज चार असूनही वर्षानुवर्षं आपापली कामं करत असतात.

पैशाचं आणि जाण्यायेण्याचं. टाटाचं खारघरचं ॲक्ट्रेक तुम्हाला ऐरोलीहून परळपेक्षा सोपं पडेल, ठाणे-पनवेल गाडी थेट जाते, पण तिथे नंबर लावून वाट बघायची तयारी ठेवा, आणि माल्टमध्ये तेवढी वाट परवडते. बाहेर करणार असाल तर वाशी, नेरूळ, ठाणे सगळीकडे रेट फोनवर विचारून घ्या, फरक ऐकून थक्क व्हाल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं हॉस्पिटल असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला बायोप्सीचा रिपोर्ट दाखवून कुठल्या तपासण्या आणि रेडिएशन धरतात ते विचारा. मेडिक्लेम असेल तर नुसत्या तपासणीसाठी ॲडमिट होऊ नका, असे क्लेम बहुतेक नाकारतात. उपचाराआधीच्या काही दिवसांचा खर्च धरलेला असतो का ते पॉलिसीत बघा आणि सगळी बिलं जपून ठेवा. प्रत्येक सेंटरमधून रिपोर्टच्या कागदासोबत सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा. रेडिएशनच्या डॉक्टरांना चित्रं लागतात, कागदावर त्यांचं काम होत नाही, आणि सीडी हरवली म्हणून परत एमआरआय काढणारी माणसं मी दर महिन्याला बघते.

तर क्रम असा, आधी बाहुली मोठी करून दोन्ही डोळे आणि बायोप्सीचा तक्ता, त्यासोबतच रक्त, मग डोळ्यांचा एक्स-रे आणि एमआरआय, मग पेट किंवा सीटी, मग ऑन्कॉलॉजिस्टशी बोलून बोन मॅरो. उपचार संपल्यावर कुणी तक्रार नसताना दर सहा महिन्यांनी पेट करा म्हणालं तर का ते विचारा, संथ लिम्फोमात तशा पेटचा फारसा उपयोग नाही, उगाच रेडिएशन आणि उगाच धास्ती. डोळ्याची तपासणी मात्र सोडायची नाही, पहिली काही वर्षं साधारण सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा, कारण हा प्रकार दहा वर्षांनीही परत येऊ शकतो, त्याच डोळ्यात किंवा दुसऱ्या. तेव्हा बाबांना घेऊन जाल तेव्हा दरवेळी उजवा डोळाही दाखवा.